डोंगरावरचा सरडा : उंची, अंगाचा आकार आणि वय



मागच्या खरिपात एका शिवारफेरीच्या वेळी घाटमाथ्यावरील एका शेतकऱ्याने मला प्रश्न विचारला, "सर, खालच्या गावातले सरडे बारीक आणि आमच्या माथ्यावरचे चांगले धिप्पाड दिसतात. मग वरचे सरडे म्हातारे समजायचे का?" मी कृषिविद्या शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे. त्यामुळे त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर या विषयावर जे संशोधन झाले आहे ते वाचून काढले. तेव्हा असे लक्षात आले, की हा प्रश्न केवळ सरड्याचा नाही. थंडी, ऊन, वाढ आणि आयुष्य यांचा मेळ निसर्गात कसा बसतो, हे त्यातून समजते. शिवाय बांधावरच्या या फुकटच्या मजुराला सांभाळायचे कसे, याचेही उत्तर मिळते. म्हणून प्रस्तुत लेखात हा विषय क्रमाने मांडला आहे.

उंची म्हणजे थंडी

समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. साधारणपणे दर १,००० मीटर उंचीला तापमान सुमारे ६.५ अंश सेल्सिअसने घटते. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. कोकणपट्टीच्या मानाने तेथे सरासरी दहा अंशांचा फरक पडू शकतो.

गाय, बैल, शेळी किंवा माणूस यांच्या अंगात स्वतःची भट्टी असते. खाल्लेल्या अन्नातून ती उष्णता तयार करतात आणि बाहेर कितीही थंडी असली तरी अंगाचे तापमान कायम ठेवतात. सरड्याचे तसे नाही. सरडा उष्णता बाहेरून घेतो. सकाळी बांधावरच्या दगडावर तो अंग पसरून बसतो तो आळसाने नव्हे. अंग तापल्याशिवाय त्याला पळता येत नाही, किडा पकडता येत नाही आणि पकडलेला किडा पचवताही येत नाही. ऊन चढले की तो कामाला लागतो, फार तापले की सावलीत जातो. म्हणजे ऊन-सावलीचा खेळ करून तो आपले अंग हवे तितकेच गरम ठेवतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. उंचावरच्या सरड्याला उष्णता मिळतच नाही असे नाही. मिळते, पण दिवसातून थोडे तास आणि वर्षातून थोडे महिने. उरलेला काळ तो दगडाखाली किंवा बिळात निपचित पडून काढतो. उंचीचा खरा परिणाम म्हणजे कामाच्या तासांतली ही घट होय.

मोठे अंग आणि थंडी

इ. स. १८४७ मध्ये कार्ल बर्गमन या जर्मन शास्त्रज्ञाने एक नियम मांडला. स्वतःची उष्णता तयार करणाऱ्या प्राण्यांमध्ये, एकाच कुळातील थंड मुलखातले प्राणी अंगाने मोठे असतात, असा त्याचा आशय आहे. सैबेरियाचा वाघ मोठा आणि सुमात्रा बेटावरचा वाघ लहान, हे याचे नेहमीचे उदाहरण.

याचे कारण साध्या हिशोबाने समजते. एक फूट बाजूचा चौकोनी ठोकळा घ्या. त्याचे घनफळ १ आणि बाहेरचा पृष्ठभाग ६. आता दोन फूट बाजूचा ठोकळा घ्या. त्याचे घनफळ ८ आणि पृष्ठभाग २४. म्हणजे लहान ठोकळ्यात एका भागाला ६ भाग पृष्ठभाग पडतो, तर मोठ्यात फक्त ३. उष्णता पृष्ठभागातून निघून जाते. म्हणून मोठी वस्तू सावकाश निवते. गुऱ्हाळावर गुळाची मोठी ढेप आणि लहान ढेप शेजारी ठेवली तर लहान ढेप आधी थंड होते, हे आपण पाहिलेलेच आहे.

परंतु हाच नियम सरड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. मोठी ढेप जशी सावकाश निवते, तसे मोठे अंग सावकाश तापतेही. जो प्राणी उन्हावर अवलंबून आहे, त्याला सकाळी तापायला उशीर लागणे हा तोटाच आहे. शिवाय मोठे अंग कमवायला वेळ आणि अन्न लागते. उंचावर या दोन्हींची ओढ असू शकते. म्हणून सरड्यांमध्ये एकच एक नियम दिसत नाही. २००३ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अनेक जातींची माहिती एकत्र करून पाहण्यात आली. तेव्हा कासवे बहुधा बर्गमनच्या नियमाप्रमाणे थंडीत मोठी, परंतु सरडे व साप बहुधा त्याच्या उलट, असे आढळून आले. तरीही काही जाती थंडीत मोठ्या होतातच. त्या का होतात हे समजण्यासाठी आधी वयाचा विचार करावा लागतो.

सरड्याचे वय कसे ओळखतात

बैल खरेदी करताना आपण त्याचे दात पाहतो. अदंत, दोनदाती, चारदाती, जुळलेला, यावरून वयाचा अंदाज येतो. केवळ अंगावरून वय ठरवले तर फसगत होते. कारण चांगल्या चाऱ्यावरचे खोंड मोठे दिसते आणि उपासमारीतला बैल लहान राहतो. सरड्याच्या बाबतीतही तेच आहे. लहानपणी तो झपाट्याने वाढतो, वयात आल्यावर वाढ मंदावते. त्यामुळे पूर्ण वाढलेले दोन सारखे सरडे एक दोन वर्षांचा आणि दुसरा पाच वर्षांचा असू शकतो.

यासाठी शास्त्रज्ञ हाडाचा आधार घेतात. सागाचे लाकूड आडवे कापले की त्यात वर्षांची वलये दिसतात. त्याचप्रमाणे थंड प्रदेशातील सरड्याच्या हाडातही वलये पडतात. उन्हाच्या हंगामात हाड वाढते, थंडीत वाढ थांबते आणि त्या थांबण्याची एक बारीक रेषा उमटते. पायाच्या बोटाचे टोक घेऊन त्यातील हाड मऊ करतात, पातळ काप काढून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेषा मोजतात. एक रेषा म्हणजे एक हिवाळा. यासाठी सरडा मारावा लागत नाही. मात्र जेथे वर्षभर सारखीच उष्णता असते तेथे रेषा स्पष्ट उमटत नाहीत. तसेच हाडाच्या आतली सर्वांत जुनी रेषा कधीकधी झिजून जाते, तिचा हिशोब धरावा लागतो.

थोडा हिशोब करू या

आता उंचीचा वयाशी संबंध पाहू. खालील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, ते मोजलेले नाहीत.

समजा, सरड्याला अंडी घालण्याच्या वयात येण्यासाठी एकूण २,००० तास उन्हात वावरावे लागते. सपाटीवरील सरडा वर्षात २५० दिवस, रोज ८ तास बाहेर असतो. त्याचे वर्षाला २,००० तास होतात. तो एका वर्षात वयात येतो. डोंगरावरचा सरडा वर्षात १५० दिवस, रोज ६ तास बाहेर असतो. त्याचे वर्षाला ९०० तास होतात. दोन वर्षांत १,८०० तास भरतात आणि तो तिसऱ्या हंगामात वयात येतो.

गव्हाचा अनुभव आठवा. थंडी चांगली पडली तर गहू सावकाश वाढतो, फुटवे जास्त येतात. थंडी कमी पडली तर तो लवकर निसवतो आणि लवकर पिकतो. पीक दिवस मोजत नाही, उष्णतेची बेरीज मोजते. सरडाही वर्षे मोजत नाही, उन्हाचे तास मोजतो.

आता मृत्यूचा हिशोब. सरडा बाहेर असतो तेव्हाच त्याला शिकरा, भारद्वाज, साप, मांजर यांचे भय असते. बिळात निपचित पडलेला सरडा बराच सुरक्षित असतो. समजा, बाहेर काढलेल्या दर १०० तासांत १०० सरड्यांपैकी ३ मरतात. हिवाळ्यातील मृत्यू सोडून देऊ. मग १०० सरड्यांपैकी किती उरतील ते असे :

१) एक वर्षानंतर : सपाटीवर सुमारे ५४, डोंगरावर ७६.
२) तीन वर्षांनंतर : सपाटीवर सुमारे १६, डोंगरावर ४४.

म्हणजे डोंगरावर वर्षांच्या हिशोबाने म्हातारे सरडे जास्त आढळतील. ते अधिक बळकट असतात म्हणून नव्हे, तर वर्षातला कमी काळ ते धोक्यात असतात म्हणून. थोडक्यात, थंडीत वाढ सावकाश, वयात येणे उशिरा आणि आयुष्य लांब. उशिरा वयात येणारा प्राणी तोपर्यंत अंगाने वाढून घेतो. त्यामुळे काही जातींत थंड ठिकाणचे पूर्ण वाढीचे सरडे मोठे दिसतात. अमेरिकेतील कुंपणसरडे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातींवर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असाच मेळ आढळून आला. थंड ठिकाणी ते उशिरा वयात येतात, पण त्या वेळी अंगाने मोठे असतात आणि त्यांचे वर्षागणिक जगण्याचे प्रमाणही जास्त असते. अंगाने मोठी मादी एका वेळी जास्त अंडी घालू शकते, हा तिचा फायदा.

स्पेनच्या डोंगरातील एक उदाहरण

स्पेन देशाच्या आग्नेय भागात सिएरा नेवाडा नावाची पर्वतरांग आहे. तेथे सामोड्रोमस अल्जिरस या नावाचा, लांब शेपटीचा एक सरडा ३०० मीटरपासून २,५०० मीटर उंचीपर्यंत राहतो. वरची हद्द आपल्या कळसूबाईपेक्षा साडेआठशे मीटर अधिक उंच आहे. वर सांगितलेल्या दराने खालच्या व वरच्या ठिकाणात सुमारे १४ अंशांचा फरक पडतो. एकाच जातीचा सरडा एकाच डोंगरावर इतक्या वेगळ्या हवामानात राहत असल्याने तेथे चांगला अभ्यास झाला.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वरच्या भागातील सरडे अंगाने मोठे आढळले आणि मोठे अंग उष्णता अधिक काळ धरून ठेवते असे दिसून आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात उंचावरचे सरडे रंगाने गडद असल्याचेही आढळले. गडद रंग ऊन लवकर शोषतो, हे काळ्या घोंगडीवरून आपल्याला माहीत आहेच.

वयाचा निष्कर्ष मात्र अपेक्षेपेक्षा वेगळा निघाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या वरच्या हिशोबाप्रमाणे आयुष्य खालून वर सरळ वाढत जायला हवे होते. प्रत्यक्षात १,२०० ते १,७०० मीटर या मधल्या पट्ट्यात, जेथे या सरड्याला सर्वांत अनुकूल परिस्थिती आहे, तेथे आयुष्य सर्वांत कमी आढळले. अगदी खाली आणि अगदी वर, दोन्ही टोकांना ते जास्त होते.

असे का झाले? संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण असे, की या डोंगरावर दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात. वर जावे तसे बाहेर वावरण्याचे तास घटतात, परंतु खाद्य वाढत जाते. खालचा भाग उष्ण व कोरडा असून तेथे खाद्याची टंचाई असते. वर वेळेची ओढ, खाली खाद्याची ओढ. दोन्हीकडे जगणे संथ होते आणि संथ जगणे लांबते. कारणे वेगळी, परिणाम मात्र सारखा.

आपण नेहमी समजतो, की जेथे चांगले दिवस तेथे मोठे आयुष्य. या सरड्याने ते खोटे ठरवले. म्हणून एखाद्या ठिकाणी म्हातारे सरडे दिसले म्हणजे तेथे सर्व आलबेल आहे असे समजू नये, आणि तरुण सरडे जास्त दिसले म्हणजे ते ठिकाण वाईट असेही समजू नये.

थंडीत अंडी की पिल्ले?

अंडी जमिनीत घातली तर ती जमिनीच्या उष्णतेवर उबतात. आपल्याकडील बागेतला सरडा पावसाळ्याच्या सुमारास ओलसर मऊ मातीत उकरून अंडी घालतो. अति उंचावर जमीन इतकी थंड असते की अंडी उबणे कठीण होते. म्हणून थंड मुलखातील अनेक जातींत मादी अंडी पोटातच वाढवते आणि पिल्लांना जन्म देते. ती उन्हात बसते तेव्हा पोटातील पिल्लेही ऊब घेतात. लडाखच्या उंच पठारावरील बेडूकतोंड्या सरडा याचे आपल्या देशातील उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात तर ५,४०० मीटर उंचीवर सरडा आढळल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सरपटणाऱ्या प्राण्यांतील ती सर्वांत उंचावरची नोंद समजली जाते.

सह्याद्रीतील सरडा

आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर गळ्याला रंगीत पंखा असलेले छोटे सरडे दिसतात. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांतील काही जातींचे नवे कूळ ठरवले आणि त्याला आपल्या मराठी शब्दावरून 'सरडा' हेच नाव दिले. त्यातील सरडा सुपर्बा ही जात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर आढळते.

याच पठारावर पवनचक्क्या आहेत. तेथील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली. परंतु गर्दी वाढल्याने एकेका सरड्याची अंगकाठी खालावलेली दिसली. उंची तीच, हवा तीच, तरीही शिकारी कमी झाल्याने सरड्याची अवस्था बदलली. अंगाचा आकार व पोषण हे केवळ थंडीवर ठरत नाही, खाणारे किती आणि खाद्य किती यावरही ठरते, हे यातून दिसते. दाट पेरलेल्या पिकाचे ताट बारीक राहते, तसाच हा प्रकार आहे.

शेतकऱ्याने यातून काय घ्यावे?

सरडा हा शेतातील नाकतोडे, अळ्या, भुंगेरे, मुंग्या यांवर जगतो. तो काही सर्व किडींचा बंदोबस्त करणार नाही आणि मित्रकीटकही त्याच्या तोंडी जातात. तरीही विनाखर्च सतत काम करणारा तो एक राखणदार आहे. बांधावरचा सरडा विषारी असतो हा समज चुकीचा आहे.

पुन्हा आपल्या हिशोबाकडे येऊ. सपाटीवरचा असो वा डोंगरावरचा, सरड्याला वयात येण्यासाठी २,००० तास लागतात आणि तोपर्यंत दोन्हीकडे १०० पैकी सुमारे ५४ उरतात. येथवर दोघे सारखे. परंतु वणवा, बांध पेटवणे, कडक विषाची सरसकट फवारणी ही संकटे तासांवर येत नाहीत, ती वर्षातून एकदा येतात. समजा, अशा एका संकटात १०० पैकी ३० सरडे मरतात. सपाटीवरच्या सरड्यावर वयात येण्यापूर्वी हे संकट एकदा येते, ५४ पैकी ३८ उरतात. डोंगरावरच्यावर ते दोनदा येते, ५४ पैकी केवळ २६ उरतात. संकट तेच, पण घाटमाथ्यावर नुकसान मोठे. शिवाय पुढची पिढी तयार होण्यासही तेथे दुप्पट काळ लागतो. म्हणूनच थंड आणि उंच भागातील शेतकऱ्यांनी याबाबत अधिक जपले पाहिजे.

वाढत्या उष्णतेचाही विचार करावा लागतो. मेक्सिको देशातील २०० ठिकाणी पूर्वी नोंदलेल्या सरड्यांचा पुन्हा शोध घेतला असता, १९७५ नंतर सुमारे १२ टक्के ठिकाणचे सरडे नाहीसे झाल्याचे आढळले. हा निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ऊन फार वाढले की सरडा सावलीत अडकून पडतो. विणीच्या हंगामात चरायला वेळ पुरत नाही आणि मादीचे पोषण होत नाही. डोंगर चढून वर जावे तर शिखराच्या वर जागा नाही.

यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१) बांध पेटवू नयेत. गवत कापून आच्छादनासाठी किंवा कंपोस्टसाठी वापरावे.
२) बांधावरील दगडी ताली व दगडांचे ढीग शक्यतो हलवू नयेत. थंडीत सरडे त्यांच्याच आश्रयाला असतात.
३) बांधावर थोडी झुडपे राखावीत. ऊन आणि सावली दोन्ही जवळ असली तरच सरड्याला अंगाची उष्णता सांभाळता येते.
४) पावसाळ्यात बांधाच्या कडेची मऊ माती विनाकारण उकरू नये. तेथे अंडी असण्याची शक्यता असते.
५) कीटकनाशक किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यावरच वापरावे. बांधावर व कुंपणावर फवारा मारू नये.
६) सरडे मोजून पाहावेत. थंडीत आणि उन्हाळ्यात ठरावीक बांधावरून, ठरावीक वेळी, सकाळी ऊन चढल्यावर चालावे आणि दिसलेले लहान व मोठे सरडे वहीत वेगवेगळे लिहावेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदींतून आपल्या शिवारात पिल्ले तयार होतात की नाही ते कळते. केवळ मोठेच सरडे दिसू लागले तर ती धोक्याची सूचना समजावी.

शेवटी त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर. वरचा सरडा मोठा आहे म्हणून तो म्हातारा असेलच असे नाही. तो उशिरा वयात आलेला असेल, त्याला खाद्य बरे मिळाले असेल किंवा तेथे सरड्यांची गर्दी कमी असेल. जात वेगळी असण्याचीही शक्यता आहे, म्हणून तुलना एकाच जातीत करावी. वय सांगायचे तर हाडातली वलयेच पाहिली पाहिजेत. पण एवढे मात्र नक्की, की जेथे ऊन कमी तास मिळते तेथे एक सरडा तयार व्हायला जास्त वर्षे लागतात. बांध पेटवण्यासाठी काडी ओढण्यापूर्वी एवढी गोष्ट आठवावी.